नागपुरात नवे आहात? शरदात गावाकडे निघताना

बदली होऊन, शिकायला किंवा मिहान या औद्योगिक प्रकल्पातल्या नोकरीसाठी नागपुरात आलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यातच दोन गोष्टी ऐकायला मिळतात: इथला उन्हाळा आणि पेंचचा वाघ. दोन्ही खऱ्याच आहेत. पण या दोन्हींच्या मध्ये दसऱ्यापासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंतचा सव्वा महिना असतो आणि नव्या माणसाच्या हातून नेमका तोच निसटतो. सोयाबीन निघालेलं असतं, पऱ्हाटी (कपाशी) फुटायला लागलेली असते, मौदा-रामटेककडचा धान (भात) पिवळा पडत असतो आणि पावसाने भरलेले तलाव अजून उतरलेले नसतात. माझ्या मते जिल्हा वर्षात एवढा देखणा पुन्हा कधी दिसत नाही.

पुण्या-मुंबईहून आलेली मंडळी सवयीने आधी डोंगर शोधतात. गड, घाट, धबधबे अशी यादी घेऊन बसलात तर नागपूरभोवती फार थोडं हाती लागेल. इथलं सुख सपाटीवरचं आहे. ते तलावात, जंगलाच्या काठावर आणि मुख्यतः वावरात, म्हणजे शेतात, सापडतं, आणि दर पंधरवड्याला बदलतं. म्हणून जागा नंतर ठरवा, आधी पंधरवडा ठरवा.

पंधरवडा कसा निवडायचा

ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा परतीच्या पावसाचा. सकाळ स्वच्छ असते, दुपारी तीननंतर आभाळ भरून येतं आणि विजा कडाडतात. या दिवसांत डांबरी रस्ता सोडू नका. आपली काळी माती ओली झाली की दुचाकीच्या चाकात आणि मडगार्डमध्ये अशी भरते की चाक फिरतच नाही. चारचाकी फसली तर ट्रॅक्टर बोलवावा लागतो. दसऱ्याच्या आसपास दीक्षाभूमीवर देशभरातून अनुयायी येतात. 14 ऑक्टोबर 1956 ला, त्या वर्षीच्या अशोक विजयादशमीला, बाबासाहेबांनी इथे धम्मदीक्षा घेतली होती. या दोन-तीन दिवसांत रेल्वे आणि एसटी भरलेल्या असतात, शहरातले काही रस्ते वळवलेले असतात. बाहेरगावची फेरी तेव्हा ठेवू नका. दीक्षाभूमीवरच जा.

दसरा ते दिवाळी हा सोंगणी (कापणी) आणि कापूसवेचणीचा काळ. दिवसा पारा 32-34 अंशांपर्यंत जातो आणि ऊन बोचतं, म्हणून बाहेर पडायचं ते पहाटे. नवीन लोक 'थंडी आली' समजून अकरा वाजता निघतात आणि बारा वाजता झाड शोधत बसतात. रस्त्याकडेला सीताफळाच्या टोपल्या दिसू लागतात, ओढ्याकाठी कास फुलतो, पडीक जमिनीवर कुरडूचे गुलाबी तुरे येतात.

दिवाळीनंतर हवा खरी बदलते. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात पहाटेचा पारा 15 च्या आसपास येतो, कधी त्याखालीही. संत्री, पाहुणे पक्षी, मंडई (गावची जत्रा) आणि त्रिपुरी पौर्णिमा सगळं याच पंधरवड्यांत येतं. एकच रविवार मोकळा मिळणार असेल तर तो इथला घ्या.

निघायचं कधी आणि कशाने

मुंबईच्या मानाने नागपुरात सूर्य सुमारे 25 मिनिटं आधी मावळतो. आपण तितके पूर्वेला आहोत. नोव्हेंबरात साडेपाचला सूर्य गेलेला असतो आणि सहाला गावरस्त्यावर चांगलाच अंधार होतो. घड्याळाची जुनी सवय इथे उपयोगाची नाही. सकाळी सहाला निघायचं, दहा-साडेदहापर्यंत फिरायचं, सावलीत जेवायचं आणि चारच्या सुमारास परतीला लागायचं, हा हिशेब धरून चला.

रामटेकला जायला गणेशपेठच्या बसस्थानकावरून एसटी आहे आणि इतवारीहून रेल्वेही जाते. काटोल, सावनेर, उमरेड, कुही या तालुक्यांच्या गावांनाही एसटी नीट पोचते. अडचण येते ती तालुक्यापासून पुढच्या आठ-दहा किलोमीटरची. तिथे ऑटो ठरवावा लागतो, आणि तो परतीसकट ठरवायचा, कारण संध्याकाळी रिकामा ऑटो मिळणं अवघड. दुचाकी घेतलीत तर जबलपूर रस्त्यावर उजेड असेपर्यंतच राहा. पेट्रोल शहरात भरा, थोडी रोख रक्कम जवळ ठेवा, आणि नकाशा आधी फोनमध्ये उतरवून घ्या. देवलापारकडच्या जंगलात रेंज जाते.

कपडे पूर्ण बाह्यांचे, पँट पायघोळ, पायात बूट. उन्हासाठी टोपीपेक्षा दुपट्टा बरा. नागपुरात सगळेच बांधतात, तोंड-कान-मान सगळं झाकलं जातं. चारला परतीला निघालात तरी पोचेपर्यंत दुचाकीवर गारठा लागतो, म्हणून एक स्वेटर डिक्कीत राहू द्या.

पहिली फेरी रामटेकची

कुठून सुरुवात करू, असं कोणी विचारलं तर मी रामटेकच सांगते. नागपूरपासून साधारण 50 किलोमीटर. कामठी, कन्हान, मग मनसरला उजवीकडे वळायचं. टेकडी आहे, तलाव आहे, दीड हजार वर्षांपूर्वीचं दगडी काम आहे आणि चारी बाजूंनी धानाची शेती आहे. इथल्या मुलखाची ओळख एका दिवसात व्हायची असेल तर दुसरी जागा नाही.

गडावर गाडी जाते, पण पहिल्यांदा अंबाळ्याच्या बाजूने पायऱ्या चढून जा. अंबाळा तलावाभोवती जुनी देवळं आणि घाट आहेत. सकाळी पाण्यावर धुकं असतं आणि घाटावर चार-दोन माणसं अंघोळीला आलेली असतात. पायऱ्या अवघड नाहीत, वयस्क माणसंही थांबत थांबत चढतात. माकडं मात्र आहेत. हातात पिशवी, केळी, प्रसादाचा पुडा दिसला की ती ओढतात, म्हणून खायचं सगळं पाठपिशवीच्या आत ठेवा आणि त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवू नका.

वर रामाचं आणि लक्ष्मणाचं देऊळ आहे, आणि बहुतेक लोक दर्शन घेऊन लगेच उतरतात. तुम्ही थांबा. केवल नृसिंह आणि रुद्र नृसिंह ही दोन लहानशी देवळं नक्की पाहा. ती पाचव्या शतकातली, वाकाटक या विदर्भातल्या जुन्या राजघराण्याच्या काळातली. बाहेरून साधी आहेत, आत मात्र बसलेल्या नृसिंहाची भक्कम मूर्ती आहे. केवल नृसिंहाच्या देवळात शिलालेख आहे आणि तो प्रभावतीगुप्ताच्या घराण्याशी जोडला जातो. ही गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी आणि वाकाटकांची राणी. नवरा गेल्यावर मुलं लहान होती, तेव्हा राज्यकारभार तिने पाहिला. गडाच्या वाटेवर अखंड दगडातला मोठा वराह आहे, त्याच्या पोटाखालून लोक वाकून जातात. जवळच कालिदासाचं स्मारक आहे.

तटावरून खाली पाहिलं की खिंडसी तलावाचं पाणी दिसतं आणि त्याच्या पलीकडे बांध्याच बांध्या. धानाचे हे लहान लहान वाफे ऑक्टोबरच्या शेवटी एकाच रंगाचे नसतात. हलका धान आधी पिकतो, भारी धान नंतर, म्हणून एक बांधी पिवळी, तिच्या शेजारची अजून हिरवी, तिसरी कापून मोकळी झालेली. हे पाहायला सकाळी आठ-साडेआठची वेळ चांगली, ऊन तिरपं असतं.

खाली उतरल्यावर दोन वाटा आहेत. नौकाविहार हवा असेल तर खिंडसी. इतिहासाची ओढ असेल तर दक्षिणेला सहा-सात किलोमीटरवर नगरधन. मी नगरधनकडे जाईन. आज दिसतो तो किल्ला भोसलेकाळातला, पण गावाखाली वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन आहे. 2015 नंतरच्या उत्खननात तिथे प्रभावतीगुप्ताच्या नावाची मातीची मुद्रा सापडली. सकाळी जिच्या घराण्याचा लेख पाहिला, तिची राजधानी दुपारी पायाखाली असते. परतताना मनसरची हिडिंबा टेकडी रस्त्यातच लागते. तिथलं विटांचं प्रचंड बांधकामही त्याच काळातलं आहे, सावली मात्र अजिबात नाही. भर दुपारी तिथे लहान मुलांना नेऊ नका.

रामटेक पानमळ्यांसाठीही ओळखलं जातं. बाजारात जेवण झाल्यावर पान खाल्लंत तर विचारा, पान इथलंच आहे का. पानवाला खुलून बोलतो.

वावरात जाताना

फिरण्याच्या यादीत शेत कोणी लिहीत नाही, आणि मला तर शरदातलं शेतच सगळ्यात आवडतं. पण वावर ही कुणाचीतरी कामाची जागा आहे, आणि हंगामाच्या या दिवसांत तिथे एका तासाचीही किंमत असते. म्हणून रीत पाळायची. धुऱ्यावर (बांधावर) थांबा, 'राम राम काका' म्हणा, कुठून आलात ते सांगा आणि आत येऊ का, असं विचारा. बहुतेक वेळा उत्तर 'या नं' असंच येतं आणि मागोमाग पाण्याचा गडवा येतो. फोटो काढायचा असेल तर तोही विचारून, विशेषतः वेचणीला आलेल्या बायांचा.

कापूस जवळून पाहायचा तर काटोल, सावनेर, कळमेश्वरच्या बाजूला निघा. पहिली वेचणी दसरा-दिवाळीच्या दरम्यान सुरू होते. त्याआधी अजूनही बऱ्याच घरी सीतादही करतात. वावरातल्या पऱ्हाटीच्या झाडाची पूजा होते, दहीभाताचा नैवेद्य दाखवतात आणि मगच पहिलं बोंड हातात घेतात. वेचणी दव वाळल्यावर सुरू होते, कारण ओला कापूस पिवळा पडतो. बाया कमरेला ओटी बांधतात आणि दोन्ही हातांनी वेचतात. पाचही बोटं बोंडात घालून कापूस एका ओढीत मोकळा करायचा असतो. जोर लावून ओढला तर वाळलेला पाला चिकटून येतो आणि बाजारात भाव पडतो. बोंडाची टोकं सुईसारखी टोचतात. कोणी शिकवायला तयार असेल तर दोन-चार झाडं जरूर वेचून पाहा, पण वेचलेला कापूस त्यांच्याच ओटीत टाका. वेचणीची मजुरी किलोवर मिळते.

फवारणी चालू असलेल्या किंवा औषधाचा वास येणाऱ्या वावरात पाऊल टाकू नका. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले. हा धोका कामकऱ्यांना रोजचा आहे. पाहुण्याने तो विनाकारण घेऊ नये, मुलांना घेऊन तर नाहीच.

संत्र्यासाठी काटोल-नरखेडचा रस्ता धरा. आपल्याकडे बहार, म्हणजे फुलोऱ्याचे हंगाम, दोन. आंबिया बहाराचं फळ ऑक्टोबर ते डिसेंबर, मृगाचं फेब्रुवारीपासून पुढे. ऑक्टोबरातलं फळ बाहेरून हिरवट असतं आणि नवीन माणूस ते कच्चं समजतो. रंग यायला थंड रात्री लागतात. साल हिरवी असली तरी आत रस भरलेला असू शकतो, फक्त आंबटपणा जास्त. गोडी हवी असेल तर नोव्हेंबरच्या शेवटापर्यंत थांबा. नागपुरी संत्र्याला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्याची पातळ, सुटी, नखाने सहज निघणारी साल एकदा हातात आली की ओळख पटते.

बगीच्यात शिरताना एक व्यवहार लक्षात ठेवायचा. बरेच शेतकरी झाडावरचा अख्खा बहार व्यापाऱ्याला विकतात. मग झाड शेतकऱ्याचं, पण फळ व्यापाऱ्याचं. मालकाने हसून 'घ्या' म्हटलं तरी तिथला राखणदार अडचणीत येऊ शकतो. म्हणून आधी विचारा, बगीचा विकला गेला आहे का. गेला असेल तर राखणदाराला किंवा व्यापाऱ्याच्या माणसाला पैसे देऊन विकत घ्या. स्वतः तोडायला मिळालं तर फळ ओढू नका, ओढलं की देठाशी साल फाटते आणि ते फळ दोन दिवसांत सडतं. कैचीने देठ कापा. कैची नसेल तर राखणदारालाच तोडू द्या.

जंगल

पावसाळ्यात बंद असलेली जंगल सफारी ऑक्टोबरात सुरू होते. महाराष्ट्रातल्या पेंचला सिल्लारी, खुर्सापार, चोरबाहुली, कोलितमारा असे वेगवेगळे गेट आहेत. नोंदणी वनविभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरच करा, मूळ ओळखपत्र सोबत ठेवा, आणि आठवड्याचा बंदचा वार पाहूनच तारीख घ्या. दिवाळीच्या सुट्टीतल्या जागा फार आधी संपतात. दिवाळीनंतरचा आठवड्यातला साधा वार निवडलात तर सहज मिळतं.

वाघ दिसावा एवढ्यासाठीच जाणार असाल तर उन्हाळ्यात जा. शरदात गवत डोक्याएवढं असतं आणि पाणी जागोजागी असतं, त्यामुळे जनावर पाणवठ्यावर येण्याची वाट पाहण्यात अर्थ नसतो. पण जंगल म्हणून पाहायला हाच काळ. सागाची मोठाली पानं अजून झडलेली नसतात, कोळ्यांच्या जाळ्यांवर दव चमकतं, चितळांचे कळप मोकळ्या गवतात उतरलेले असतात. गाइडला सुरुवातीलाच सांगा की वाघामागे पळायचं नाही, झाडं-पाखरं दाखवा. तो दुप्पट उत्साहाने बोलायला लागतो आणि ती सफारी वेगळीच होते.

जिप्सीत आवाज नाही, खाणं नाही, खाली उतरणं नाही. आणि चालकाला 'अजून जवळ घ्या' म्हणायचं नाही. डिसेंबर 2024 च्या शेवटी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात पर्यटकांच्या गाड्यांनी वाघिणीची आणि तिच्या बछड्यांची वाट अडवली होती. उच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली. गाडी चालवणारे गावातलेच असतात आणि त्यांचं पोट यावर असतं. पर्यटकाच्या हट्टापायी त्यांचा परवाना जातो.

पेंचमध्ये आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे फार कमी लोक वळतात. 2024 च्या जानेवारीत पेंचला देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. सिल्लारी, वाघोली, पिपरिया, खापा या गावांतल्या दिव्यांचा उजेड आकाशाकडे जाणार नाही अशी व्यवस्था केली आहे आणि वाघोलीला आकाश पाहण्याची सोय आहे. दिवाळी अमावास्येला येते, त्यामुळे दिवाळीच्या मागच्या-पुढच्या चार रात्री सगळ्यात काळ्या. मुक्काम करणार असाल तर त्यातली एक धरा. अंधार पडल्यावर पूर्वेला कृत्तिकांचा झुबका वर येताना दिसतो. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस मिनिटं लागतात. तेवढा वेळ फोन उघडू नका. टॉर्चला लाल कागद लावा. मुक्कामाच्या आवाराबाहेर मात्र रात्री पायी जायचं नाही.

पाणी आणि पाखरं

पूर्व विदर्भ तलावांचा मुलूख. पिढ्यानपिढ्या धानासाठी बांधलेले मालगुजारी तलाव आजही गावोगावी आहेत. आश्विनात त्यांत कमळपक्षी, अडई, धनवर, जांभळ्या पाणकोंबड्या दिसतात. परदेशी बदकं यायला नोव्हेंबर उजाडतो: चक्रवाक, तलवार बदक, थापट्या, आणि नशीब असेल तर डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले पट्टकदंब हंस. सुरुवात पारडगावच्या तलावापासून करा. शहरातच राहायचं असेल तर अंबाझरी आणि गोरेवाडा आहेत. सारस पाहायचा असेल तर गोंदियाची वेगळी फेरी करावी लागेल. दुर्बीण नसली तरी जा, फक्त सूर्य पाठीशी राहील असा काठ निवडा, आणि लाल-पांढरे कपडे नकोत. जाता-येता विजेच्या तारेवर लक्ष ठेवा. निळे पंख उघडून नीलकंठ उडाला तर गाडी बाजूला घेऊन पाहून घ्या. दसऱ्याला तो दिसणं आपल्याकडे शुभ मानतात.

याच तलावांत शिंगाडा असतो. धीवर (मासेमार) मंडळी पाण्यावर पसरलेल्या वेलींतून शिंगाडे तोडतात आणि उकडून रस्त्याकडेला विकतात. उकडलेलाच घ्या. कच्चा घेतलात तर नीट धुऊन हाताने सोला, दाताने साल काढू नका.

पाण्यात उतरायचं नाही. हे मी दर वेळी सगळ्यांना बजावते. वरून शांत दिसणाऱ्या तलावात गाळ आणि वेली असतात, खाणींच्या खड्ड्यांना तर काठच नसतो, आणि पोहता येणारेही त्यात बुडतात. पाण्याजवळ बसायचंच असेल तर अंभोऱ्याला जा, कुही तालुक्यात. वैनगंगेला इथे कन्हान, आम, मुरझा आणि कोलारी मिळतात. टेकडीवर चैतन्येश्वराचं देऊळ आहे आणि आद्यकवी मुकुंदराजांचं नाव या जागेशी जोडलेलं आहे. गोसेखुर्द धरणाचं पाणी इथपर्यंत आल्यापासून नदी समुद्रासारखी पसरली आहे, आणि नव्या पुलावर उंच गॅलरी आहे. सूर्योदयाला पोचता आलं तर उत्तम.

खायचं काय

सकाळी निघताना तर्री-पोहे पोटात टाका. दुपारसाठी डबा न्या. गावात हॉटेल मिळेलच असं नाही आणि मिळालं तरी दोनला जेवण संपलेलं असतं. चार-सहा जण असाल तर रोडग्यांचा बेत करा. जाडसर कणकेचे गोळे शेणीच्या निखाऱ्यात भाजायचे, वांगी त्याच निखाऱ्यात, वर तूप आणि तुरीचं वरण. पण जागा बघून. आदासा, धापेवाड्यासारख्या देवस्थानांजवळ जिथे लोक स्वयंपाक करतात तिथेच चूल मांडा. जंगलाला लागून किंवा वाळल्या गवताजवळ नको, आणि निघताना निखाऱ्यावर पाणी ओतून हात लावून पाहा. आदासा आणि धापेवाडा एकाच दिवसात होतात. आदासा टेकडीवरच्या गणपतीचं, धापेवाडा चंद्रभागेकाठच्या विठोबाचं. लहान मुलं आणि आजी-आजोबा सोबत असले तर हीच फेरी घ्या.

जपायचं काय

गवतात लोळू नका, अंथरूण न घालता बसू नका. पावसाळ्याच्या शेवटी झुडपा-गवतातल्या बारीक किड्यांच्या चाव्यातून स्क्रब टायफस होतो आणि 2018 साली नागपूर विभागात त्याची मोठी साथ आली होती. घरी आल्यावर अंघोळ करा, कपडे धुवायला टाका. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना 'गवतात गेलो होतो' हे आठवणीने सांगा, आणि अंगावर काळी खपली दिसली तर दाखवा. वेळेवर कळलं तर औषध सोपं आहे.

सोंगणीच्या दिवसांत साप बाहेर पडतात. गंजीत, दगडात, बिळात हात घालू नका. चावा झालाच तर कापणं, चोखणं, करकचून बांधणं नको. माणसाला हलू न देता थेट जवळच्या ग्रामीण रुग्णालयात न्या, 108 ला फोन करा. जुन्या देवळांच्या छतांवर आणि मोठ्या झाडांवर आग्यामोहोळ असतं. त्याखाली धूर, फटाके, तीव्र अत्तर नको.

अंधारात वावरातून आडवाट धरू नका. रानडुकरांपासून पीक वाचवायला काही जण कुंपणात वीज सोडतात. तारेचा झटका माणूस आणि डुक्कर ओळखत नाही. जंगलालगतच्या गावात पहाटे आणि तिन्हीसांजेला एकट्याने पायी फिरू नका. गावकरीही तेव्हा दोघं-तिघं मिळून जातात. वन्यप्राणी अडचणीत दिसला तर 1926 ला कळवा.

दिवाळीनंतर मंडई

आता जी फेरी राहिली तिला पैसे लागत नाहीत आणि तिकीटही नाही. भाऊबीजेपासून पुढे रामटेक, मौदा, कुही आणि भंडाऱ्याकडच्या गावांत मंडई भरतात. आज या गावी, उद्या त्या गावी. धान घरात आलेला किंवा यायच्या बेतात असतो, सासुरवाशिणी माहेरी आलेल्या असतात, पाहुण्यांनी घरं भरलेली असतात. दुपारी बाजार, खेळणी, जिलेबी. गोवारी मंडळी ढाल घेऊन नाचत येतात. रात्री दंडार किंवा खडी गंमत, ही इकडची लोकनाट्यं. तारखा कुठे छापून येत नाहीत. तुमच्या ऑफिसातल्या, वसतिगृहातल्या, घरी काम करणाऱ्या मावशींपैकी कोणीतरी त्या बाजूचं असतंच. 'तुमच्या गावची मंडई कधी?' एवढंच विचारा. बहुधा आमंत्रणच मिळेल. जाताना घरातल्या मुलांसाठी काही खाऊ न्या, जेवायला बसवलं तर बसा, आणि दंडार पाहायची असेल तर मुक्कामाच्या तयारीनेच जा, कारण ती उशिरा सुरू होते आणि पहाटेपर्यंत चालते.

मंडई चुकली तर वैकुंठ चतुर्दशीची रामटेकची शोभायात्रा आणि दुसऱ्या दिवशीची त्रिपुरी पौर्णिमा आहे. त्या रात्री गडावर त्रिपूर पेटतो. गर्दी फार असते, गाड्या खाली लांबवर थांबवतात. गाडी न नेता एसटीने जा, संध्याकाळी चारच्या आत पोचा, आणि परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ उतरल्या उतरल्या विचारून घ्या.